मोझांबिक: वादळाच्या आधी आणि नंतर

१९९९ च्या अखेरीस मोझांबिक सरकारने श्रीमंत देशांकडे २७ लाख डॉलर मागितले. त्या हंगामात पाऊस सरासरीपेक्षा जास्त होईल असा अंदाज आला होता आणि पुराला तोंड देण्याची तयारी आधीच करायची होती. मागितलेल्या रकमेच्या निम्मेही पैसे हाती आले नाहीत. फेब्रुवारी २००० मध्ये लिंपोपो आणि सावे या नद्यांना न भूतो असा पूर आला. सुमारे ७०० माणसं गेली. शोकवे हे शेतीच्या पट्ट्यातलं गाव पाण्याखाली गेलं. एक बाई पुरातच झाडावर बाळंत झाली आणि तिला व तिच्या तान्ह्या मुलीला हेलिकॉप्टरने उचललं, ती दृश्यं जगभरच्या टीव्हीवर दाखवली गेली. मग मदतीचा ओघ सुरू झाला. तातडीची मदत म्हणून १० कोटी डॉलर आले आणि पुनर्बांधणीसाठी आणखी ४५ कोटींची आश्वासनं मिळाली.

पुराआधी सत्तावीस लाख जड झाले, पुरानंतर पंचावन्न कोटींची भाषा सुरू झाली. हवामानबदलापुढे गरीब देश इतके हतबल का ठरतात, हे समजून घ्यायचं तर मला हा हिशेब कुठल्याही उपग्रहचित्रापेक्षा जास्त बोलका वाटतो. वारा आणि पाऊस हा संकटाचा एक भाग झाला. शहर कुठे वसवलं गेलं, नदीचा उगम कोणाच्या हद्दीत आहे, घरातलं धान्य कोणत्या महिन्यात संपतं, सरकारच्या डोक्यावर किती कर्ज आहे, यावर बाकीचं संकट ठरतं, आणि ते वादळाच्या कितीतरी वर्षं आधी ठरलेलं असतं.

मोझांबिक आपल्याला वाटतो तेवढा परका देश नाही. पोर्तुगिजांच्या काळात १७५२ पर्यंत त्याचा कारभार गोव्यातून चालत असे. महाराष्ट्राच्या घराघरांत ज्या तुरीचं वरण शिजतं, ती भारत बाहेरूनही आणतो आणि त्या आयातीचा मोठा वाटा तिथून येतो. डाळींचे भाव भडकल्यावर भारताने २०१६ मध्ये मोझांबिकशी सरकारी पातळीवर करार केला आणि दर वर्षी एक लाख टनांपासून वाढवत दोन लाख टनांपर्यंत तूर घेण्याचं ठरवलं. २०२१ मध्ये हा करार पुढे वाढवला गेला. उत्तरेतल्या नांपुला आणि झांबेझिया प्रांतांतले छोटे शेतकरी आपल्याकडच्यासारखीच मक्यात आंतरपीक म्हणून तूर घेतात. ती मुख्यतः भारतात पाठवण्यासाठीच पिकते.

आता नकाशा बघू. क्षेत्रफळाने हा देश महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा, लोकसंख्या मात्र साडेतीन कोटींच्या आसपास. उत्तर-दक्षिण पसरलेला किनारा सुमारे अडीच हजार किलोमीटरचा. समोर मादागास्कर बेट आणि मधे मोझांबिकची सामुद्रधुनी, म्हणजे उथळ किनारपट्टीला लागून असलेलं उबदार पाणी. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान साडेसव्वीस अंशांच्या वर गेलं की चक्रीवादळाला पोसायला पुरेशी वाफ मिळते आणि या सामुद्रधुनीत उन्हाळ्याचे कित्येक आठवडे पाणी त्याहून गरम असतं. तिथला उन्हाळा म्हणजे आपला हिवाळा. नोव्हेंबर ते एप्रिल हा त्यांचा पावसाचा आणि वादळांचा काळ.

किनाऱ्यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट जमिनीच्या बाजूला आहे. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातल्या नऊ मोठ्या नद्या इतर देशांत उगम पावून मोझांबिकमधून समुद्राला मिळतात. झांबेझी, लिंपोपो, सावे, पुंगवे, बुझी या त्यांतल्या प्रमुख. झिंबाब्वे किंवा झांबियाच्या पठारावर कोसळलेला पाऊस काही दिवसांनी इथल्या सखल मैदानात उतरतो. वरच्या देशांनी किती पाणी अडवायचं आणि कधी सोडायचं, हे ठरवणं मोझांबिकच्या हातात पूर्णपणे कधीच नव्हतं. कोयना आणि अलमट्टीचे दरवाजे कधी उघडायचे यावरून ज्या सांगली-कोल्हापूरकरांनी सोसलं आहे, त्यांना ही अडचण समजावून सांगायची गरज नाही. फरक इतकाच, की तिथे राज्याच्या सीमेऐवजी देशाची सीमा मधे येते आणि दुष्काळाच्या वर्षी हेच नातं उलटं होऊन वरचे देश पाणी धरून ठेवतात.

अशा देशात बेइरा हे दुसऱ्या क्रमांकाचं महत्त्वाचं बंदर पोर्तुगिजांनी १८८७ मध्ये पुंगवे नदीच्या मुखाशी, चक्क दलदलीत वसवलं. त्यांना हवी होती आतल्या मुलखातला माल बाहेर काढणारी जागा. काही वर्षांतच हा प्रांत एका खासगी कंपनीला चालवायला दिला गेला. त्या कंपनीचा अंमल १९४२ पर्यंत चालला. रेल्वे थेट आजच्या झिंबाब्वेपर्यंत नेली. तिथे पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या माणसांच्या सोयीचा विचार या आखणीत नव्हता. शहराचा बराचसा भाग भरतीच्या पातळीच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आहे. परातीसारखा हा खोलगट भाग पावसाने भरला, की पाणी बाहेर काढायला ओहोटीची वाट बघावी लागते. मोकळ्या, थोड्या उंच जागा पक्क्या घरांनी आधीच घेतलेल्या. कामासाठी आलेला गरीब माणूस उरलेल्या दलदलीत आणि वाळूत घर बांधतो. समुद्राला खेटून असलेली प्राया नोव्हा ही मच्छीमारांची वस्ती तशीच उभी राहिली.

१९७५ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा शंभरांतली नव्वदहून जास्त माणसं निरक्षर होती. दोनच वर्षांत यादवी युद्ध पेटलं आणि ते १९९२ पर्यंत चाललं. सुमारे दहा लाख लोक युद्धात आणि त्याने आणलेल्या उपासमारीत मेले. शाळा, दवाखाने, पूल, रस्ते मोडले गेले. पेरलेले भूसुरुंग २००० च्या पुरात वाहून भलत्याच शेतांत गेले आणि साफ केलेल्या जमिनीही पुन्हा धोक्याच्या झाल्या. देश सुरुंगमुक्त जाहीर व्हायला २०१५ उजाडलं. ज्या काळात इतर देश हवामान केंद्रं उभारत होते, नद्यांवर पातळी मोजणारी यंत्रं बसवत होते, त्या काळात इथे लोक जीव वाचवण्यासाठी रानात पळत होते. याला दुबळेपणा म्हणायचा असेल तर म्हणावा, पण तो बाहेरून लादलेला होता हे विसरता कामा नये. त्या युद्धाला आधी ऱ्होडेशियाने (आजचा झिंबाब्वे) आणि नंतर वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेने खतपाणी घातलं होतं.

तरीही २००० च्या पुरानंतर या गरीब देशाने जे उभं केलं, ते कौतुकाचं आहे. गावोगावी आपत्ती समित्या नेमल्या गेल्या. बुझी नदीच्या खोऱ्यात जर्मनीच्या मदतीने पूर्वसूचनेची साधी व्यवस्था बसवली. वरच्या गावातला माणूस नदीत रोवलेल्या पट्टीवर पाण्याची पातळी वाचतो आणि वायरलेसवरून खालच्या गावांना कळवतो. शिट्ट्या, कर्णे आणि रंगीत झेंडे हे समितीचं साहित्य. निळा झेंडा म्हणजे एक-दोन दिवसांत वादळ येऊ शकतं, पिवळा म्हणजे ते दिवसभराच्या अंतरावर आलं, लाल म्हणजे आता घराबाहेर राहू नका. वीज गेली, मोबाइल बंद पडला, अक्षरं वाचता आली नाहीत तरी झेंडा दिसतो. २००७ च्या फेब्रुवारीत झांबेझीला मोठा पूर आला आणि त्याच महिन्यात फावियो हे वादळही धडकलं, तेव्हा मृतांची संख्या २००० च्या तुलनेत फारच कमी राहिली. थोड्या खर्चात किती जीव वाचतात याचा पुरावा मिळाला होता.

मग २०१९ चा मार्च आला.

इदाई हे वादळ आधी ४ मार्चच्या सुमारास सामुद्रधुनीत कमी दाबाचा पट्टा म्हणून जन्मलं, किनाऱ्यावर चढलं, झांबेझिया आणि शेजारच्या मलावीत पूर आणून परत समुद्रात गेलं. तिथल्या गरम पाण्यावर पोसून ते पुन्हा वळलं आणि १४ मार्चच्या रात्री बेइराजवळ जमिनीवर आलं. वाऱ्याचा वेग ताशी १६० किलोमीटरहून अधिक होता. पत्रे पात्यांसारखे उडाले. बेइराच्या मुख्य सरकारी रुग्णालयाचं छप्पर फाटलं. वीज गेली आणि विजेबरोबर नळाचं पाणीही गेलं. बेइराला आतल्या भागाशी जोडणारा महामार्ग तुटला. काही दिवस पाच लाखांच्या शहराशी जगाचा संपर्क उरला नाही.

कोकणातल्या दर्यावर्दी वाचकाला एक गोष्ट लगेच लक्षात येईल. १४ मार्च २०१९ ला फाल्गुन शुद्ध अष्टमी होती. म्हणजे भांगाचे दिवस, समुद्राची चढउतार कमीत कमी. बेइराला उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांत सहा-सात मीटरचा फरक पडतो. पौर्णिमा जेमतेम आठवड्यावर होती. तेच वादळ होळीच्या रात्री भरतीच्या तोंडावर आलं असतं, तर किनाऱ्यावर घुसलेल्या लाटांची उंची काय झाली असती याची कल्पनाही करवत नाही. बेइराचं जे झालं ते भांगाच्या दिवशी झालं.

माणसं जास्त मेली ती मात्र नंतर, आणि आत. वादळ झिंबाब्वेच्या चिमानिमानी डोंगरांवर जाऊन कोसळत राहिलं. तिथे दरडींखाली गावं गाडली गेली आणि ते सगळं पाणी बुझी आणि पुंगवे नद्यांतून खाली आलं. उपग्रहांनी टिपलेल्या चित्रांत समुद्रापासून आत मैलोन् मैल पसरलेला एक नवा तलाव दिसत होता. बुझी गावात लोक छपरांवर, आंब्याच्या झाडांवर आणि मैदानाच्या पायऱ्यांवर बसून राहिले. वाऱ्याचा इशारा दिला गेला होता, पण वारा थांबल्यावर दोन-तीन दिवसांनी पाणी येईल आणि ते इतकं येईल, हे अनेकांपर्यंत पोचलंच नव्हतं. ताशी इतके किलोमीटर हा आकडा ऐकून कुडाच्या भिंतीचं घर सोडावं की नाही हे त्या घरातल्या माणसाला कसं कळणार? ‘तुमच्या दारात छातीएवढं पाणी येईल, परवापर्यंत टेकडीवर जा’ असं सांगितलं की कळतं. मोझांबिकमध्ये ६०० हून अधिक माणसं गेली. झिंबाब्वे आणि मलावी धरून हा आकडा हजाराच्या वर गेला.

बाहेरच्या देशांपैकी सर्वात आधी पोचलेल्यांत भारतीय नौदल होतं. प्रशिक्षणाच्या सफरीवर असलेली सुजाता आणि शार्दूल ही नौदलाची जहाजं आणि तटरक्षक दलाचं सारथी बेइराकडे वळवली गेली. त्यांनी पाण्यात अडकलेल्यांना बाहेर काढलं, अन्न-पाणी आणि औषधोपचार पुरवले. आपल्याकडे याची पुरेशी दखल घेतली गेली नाही.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते मक्याबद्दल. मोझांबिकच्या खेड्यात कुटुंबाच्या शेताच्या तुकड्याला ‘माशांबा’ म्हणतात. साधारण एक-दोन हेक्टर, बहुतेक ठिकाणी बायका आखूड दांड्याच्या कुदळीने कसतात. बैल नाही, ट्रॅक्टर नाही, कालवा नाही, रासायनिक खत नावापुरतं. पहिल्या पावसाबरोबर ऑक्टोबर-नोव्हेंबरात मका टोचतात आणि मार्च-एप्रिलमध्ये कणसं खुडतात. मक्याच्या पिठाचा घट्ट ‘शिमा’ हेच रोजचं जेवण. जानेवारीपासून मार्चपर्यंत मागच्या वर्षीचा साठा आटत जातो. या काळात एक वेळ जेवून, रानातली फळं-पाला खाऊन दिवस काढतात. म्हणजे मार्चच्या मध्यावर घरातली कणगी रिकामी आणि शेतातली कणसं जवळजवळ तयार. नेमकं तेव्हा इदाई आलं. सात लाखांहून अधिक हेक्टरांवरची पिकं गेली. पाणी ओसरल्यावर लोकांनी चिखलातून कुजकी कणसं वेचून वाळत घातली, कारण दुसरं काहीच नव्हतं. पुढच्या पेरणीचं बियाणंही त्याच कणसांतून निघायचं होतं.

पीकविमा, बँकेतली शिल्लक, शहरात नोकरीला असलेला भाऊ, सरकारी रेशन यांपैकी एकही आधार असेल तर माणूस असं वर्ष ओढून नेतो. इथे यांतलं बहुतेक काहीच नव्हतं. वाचलेल्यांना उंच जागी नव्या वसाहतींत नेलं गेलं. बुझी जिल्ह्यातली ग्वारा-ग्वारा ही अशीच एक जागा, जिथे जुन्या पुरांपासून लोकांना नेऊन वसवलं जात आहे. वस्ती उंचावर सुरक्षित असते, पण सुपीक गाळाची जमीन खाली नदीकाठी असते. म्हणून माणसं दिवसा खाली शेतावर जातात आणि हळूहळू पेरणीच्या काळात तिथेच झोपडी बांधून राहू लागतात. बाहेरचा माणूस विचारतो, पूर येतो हे माहीत असून हे लोक परत का जातात? त्याचं उत्तर साधं आहे: पूर काही वर्षांनी येतो, भूक रोज लागते.

वादळानंतर दोन आठवड्यांत बेइरात कॉलरा जाहीर झाला. साडेसहा हजारांहून अधिक लोकांना लागण झाली. पण तोंडाने द्यायच्या लशीचे जवळजवळ नऊ लाख डोस जगाच्या राखीव साठ्यातून वेळेवर आले, काही दिवसांत लोकांना पाजले गेले आणि मृतांचा आकडा दहाच्या आत राहिला. आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. बेइरातले जुने नाले रुंद करून, शिवेवे नावाच्या छोट्या नदीच्या मुखाशी भरतीला बंद आणि ओहोटीला उघडणारे दरवाजे बसवून, पाणी साठवायला मोठं तळं खोदून जे काम वादळाच्या आधी झालं होतं, त्यामुळे त्या भागातलं पाणी इतर वस्त्यांपेक्षा लवकर निघून गेलं. काय करायला हवं हे ठाऊक नाही, अशी स्थिती मुळीच नाही. ते करायला पैसे नाहीत.

आणि पैशांच्या बाबतीत इदाई अगदी वाईट वेळी आलं. २०१३-१४ मध्ये तीन सरकारी कंपन्यांनी परदेशी बँकांकडून सुमारे २०० कोटी डॉलर उचलले होते. कागदावर कारण होतं ट्यूना मासेमारीच्या बोटी आणि किनाऱ्याची राखण. सरकारने त्याला हमी दिली आणि ही हमी संसदेपासून लपवली. २०१६ मध्ये ते उघडकीला आलं. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने आणि मदत देणाऱ्या देशांनी सरकारी तिजोरीत थेट जाणारी मदत थांबवली, चलन घसरलं, सरकारी खर्चाला कात्री लागली. तेव्हाचे अर्थमंत्री मानुएल शांग यांना पुढे २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दोषी ठरवलं आणि कर्ज देणाऱ्या क्रेडिट स्विस बँकेला कोट्यवधी डॉलरचा दंड झाला. पण घोटाळ्याची शिक्षा आधीच भोगली ती ज्यांनी एक छदामही पाहिला नव्हता त्यांनी. भ्रष्टाचार हा हवामानाच्या चर्चेत बाजूचा विषय मानला जातो. माझ्या मते तो गाभ्याचा विषय आहे. नाल्यासाठीचा पैसा बोटींच्या नावाने गेला, की पुढच्या पावसात त्याचा हिशेब होतो. आणि या व्यवहारात घेणाऱ्यांइतकेच देणारेही सामील होते.

त्या अवस्थेत वादळ आलं. एप्रिल २०१९ मध्ये नाणेनिधीने मोझांबिकला ११ कोटी ८० लाख डॉलर दिले, तेही कर्ज म्हणून. व्याज नाही, पण परतफेड आहेच. त्याच महिन्याच्या २५ तारखेला केनेथ हे आणखी जोरदार वादळ उत्तरेच्या काबो देल्गादो प्रांतावर आदळलं. एकाच हंगामात अशी दोन तीव्र वादळं या देशाने नोंदींच्या इतिहासात कधी पाहिली नव्हती. दोन्हींच्या नुकसानीतून सावरायला सुमारे ३२० कोटी डॉलर लागतील असा हिशेब निघाला. देशाचं वर्षभराचं सगळं उत्पन्न तेव्हा १५०० कोटींच्या आसपास होतं. बेइरात देणगीदारांची परिषद भरली, तिथे १२० कोटींची आश्वासनं मिळाली. त्यातही काही कर्जं.

पुनर्बांधणी पुरी व्हायच्या आत २०२१ मध्ये एलोईस पुन्हा बेइरावर आलं. २०२२ मध्ये आना आणि गोंबे. २०२३ मध्ये फ्रेडी, जे पाच आठवड्यांहून अधिक काळ जिवंत राहिलं, ऑस्ट्रेलियाच्या बाजूने निघून अख्खा हिंदी महासागर ओलांडून आलं आणि मोझांबिकवर एकदा नव्हे, दोनदा चढलं. शेजारच्या मलावीत त्याने बाराशेहून अधिक माणसं नेली किंवा बेपत्ता केली. २०२४ च्या डिसेंबरात शिदो. मधल्या काळात एल निन्योचे दुष्काळ. एक वीट बसवायची, तोवर दुसरी वाहून जाते.

यात हवामानबदलाचा वाटा किती? प्रामाणिकपणे सांगायला हवं. तापलेल्या समुद्रावर हवा प्रत्येक अंशामागे सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून वादळातला पाऊस वाढतो, आणि समुद्राची पातळी चढल्यामुळे लाटा अधिक आत येतात. एवढं भक्कम आहे. समुद्राची वाढलेली पातळी आणि वाऱ्याचा वाढलेला जोर एवढ्याच गोष्टी धरून केलेल्या एका अभ्यासात, इदाईने बेघर केलेल्यांपैकी सुमारे ३ टक्के लोक हवामानबदलामुळे बेघर झाले असा अंदाज निघाला. हा आकडा काहींना लहान वाटेल. पण तो बारा हजारांहून अधिक माणसांचा आहे, आणि उरलेल्या ९७ टक्क्यांबद्दलही तो बरंच सांगून जातो. ती माणसं आजच्या हवामानातही असुरक्षितच होती. तापमान वाढत जाईल तसा हा वाटा वाढणार, आणि तो त्याच जुन्या असुरक्षिततेवर येऊन बसणार. आना वादळाच्या पावसाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांनी पाऊस हवामानबदलामुळे वाढला असं सांगितलं, पण किती वाढला हे सांगता आलं नाही. कारण त्या भागात पावसाच्या पुरेशा नोंदीच नाहीत. गरीब देशाला आपलं नुकसान सिद्ध करण्याची साधनंही नसतात.

आणि हा देश स्वतः किती धूर सोडतो? माणशी वर्षाला पाव टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. भारतीय माणूस सुमारे दोन टन, अमेरिकन सुमारे चौदा. काबो देल्गादोच्या समुद्रात २०१० पासून नैसर्गिक वायूचे प्रचंड साठे सापडले. या प्रकल्पातल्या एका मोठ्या क्षेत्रात भारतीय सरकारी कंपन्यांचा मिळून ३० टक्के हिस्सा आहे. त्यांत मुंबईची भारत पेट्रोलियमही आली. ज्या प्रांतात केनेथ आदळलं, तिथेच हा वायू आहे आणि २०१७ पासून तिथेच सशस्त्र बंड पेटलं आहे. वायू काढू नका, तो हवामानाला वाईट आहे, असं मोझांबिकला सांगणाऱ्यांना आधी विचारावं लागेल: त्याऐवजी त्यांनी नाले, शाळा आणि दवाखाने कशातून बांधायचे?

तुरीच्या बाबतीत भारताचीही जबाबदारी आहे. २०१७ मध्ये आपल्याकडे तुरीचं पीक उदंड आलं, शेतकऱ्याचे भाव पडले आणि सरकारने आयातीवर मर्यादा घातली. मराठवाडा-विदर्भातल्या शेतकऱ्याच्या बाजूने ते समजण्यासारखं होतं. पण भारताच्या भरवशावर पेरा वाढवलेल्या मोझांबिकच्या शेतकऱ्याचे भाव कोसळले. ज्याच्याकडे वादळासाठी काही शिल्लक ठेवायचा एकमेव मार्ग ते नगदी पीक होतं, त्याची शिल्लक वादळ येण्याआधीच संपली. दोन्हीकडचा शेतकरी कोरडवाहू आहे आणि दोघांनाही हंगामाच्या आधी ठरलेला भाव आणि ठरलेली खरेदी हवी आहे. सरकारी कराराच्या चौकटीत एवढं करणं अशक्य नाही.

२०२२ मध्ये शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत, अनेक वर्षांच्या भांडणानंतर, हानी आणि नुकसान भरपाईसाठी वेगळा निधी मान्य झाला. दुबईच्या परिषदेत तो कामाला लागला आणि श्रीमंत देशांनी त्यात सुमारे ७० कोटी डॉलर जाहीर केले. ही रक्कम जगातल्या सगळ्या गरीब देशांसाठी आहे. एकट्या मोझांबिकला २०१९ च्या दोन वादळांतून सावरायला ३२० कोटी लागणार होते. भारत या परिषदांमध्ये विकसनशील देशांच्या वतीने बोलतो आणि त्याचं बोलणं ऐकलं जातं. त्याने दोन गोष्टींचा हट्ट धरायला हवा: वादळानंतरची मदत अनुदान म्हणून मिळावी, कर्ज म्हणून नव्हे, आणि वादळाआधीच्या तयारीचे पैसे मागितल्यावर त्याच हंगामात हातात पडावेत. १९९९ मध्ये मोझांबिकने मागितलेले २७ लाख डॉलर ही अशीच रक्कम होती.